मुलं दमत नाहीत, मग ताईच का दमते?

प्रश्न : नारायण पेठेत एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर दोन खोल्या आणि पडवी भाड्यानं घेऊन मी बालवाडी चालवते. सकाळी नऊ ते साडेबारा अठ्ठावीस मुलं. त्यातली दहा-बारा पुढे पाळणाघरात संध्याकाळी सातपर्यंत थांबतात. एक शिक्षिका, एक मावशी आणि मी. काम मनापासून आवडतं, पण दुपारी तीनला माझ्यात काही शिल्लक राहत नाही. मग हिशेब, पालकांचे मेसेज, उद्याची तयारी सगळं अर्धवट. घरचे म्हणतात, पहाटे ऊठ, योगासनं कर. पहाटे तर मी उठतेच! माझं कुतूहल वेगळं आहे. मुलं सकाळपासून धावतात, नाचतात, भांडतात आणि ताजीतवानी घरी जातात. गळून जाते ती मी. बालशिक्षणाच्या कोर्सला आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ अभ्यासाला होत्या. त्या म्हातारपणापर्यंत हेच करत राहिल्या. त्यांना एवढा दम कुठून यायचा? की तेव्हाची माणसंच वेगळी?
– एक बालवाडीवाली, पुणे ३०

उत्तर : माणसं वेगळी नव्हती. कामाची मांडणी वेगळी होती, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं.

आधी अनुताई, कारण त्या एका अर्थानं तुमच्या पेठेतल्याच. लक्ष्मी रस्त्यावरच्या हुजूरपागेवरून तुम्ही रोज जात असाल. मुलींची ही शाळा १८८४ मध्ये सुरू झाली आणि १९३०च्या दशकात अनुताई तिथे शिक्षिका होत्या. जन्म मोरगावचा, तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य. शिकून शिक्षिका झाल्या, तरी मॅट्रिक राहिलेली होती. दिवसा शाळेत शिकवायचं, रात्री रात्रशाळेत शिकायचं, असं करून १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये ताराबाईंबरोबर बालशिक्षणाच्या कामासाठी बोर्डीला गेल्या, १९५७ मध्ये ते काम कोसबादच्या टेकडीवर हललं, आणि बी.ए. त्यांनी केलं १९६१ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर.

हे वाचून ‘बघा, नाहीतर आपण!’ असं म्हणायचा मोह होतो. तो आवरा. थोरांची चरित्रं स्वतःला धपाटे घालण्यासाठी वाचायची नसतात. त्यांना वाड्याच्या मालकाला भाडं द्यायचं नव्हतं, पलीकडच्या गल्लीत फुगे लावून उघडलेल्या ‘इंटरनॅशनल प्री-स्कूल’शी स्पर्धा नव्हती, आणि रात्री अकराला ‘ताई, उद्या ब्लू डे आहे का?’ असं विचारणारं कुणी नव्हतं. पैशाची ओढाताण त्यांनीही सोसली, पण ती संस्थेची. तुमचा व्यवसाय आहे. शिक्षणाच्या बाबतीत हा शब्द उच्चारताना आपल्याकडे लोक जीभ चावतात. फी वेळेवर मागायलाही मग संकोच वाटतो आणि तो संकोच रात्री झोपू देत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच.

तेव्हा चरित्र बाजूला ठेवून पद्धतीकडे बघू. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह काढलं. गिजुभाई बधेका हे वकिली सोडून शिक्षणात आलेले गृहस्थ. मुलं त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशाळ आई, म्हणायची. त्यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर उघडलं. ताराबाई राजकोटला महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य होत्या. ती चांगली नोकरी सोडून त्या गिजुभाईंकडे गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये दादरचं शिशुविहार. रोम ते दादर या सगळ्या प्रवासात एक गोष्ट कायम राहिली : काम मूल करतं, मोठ्या माणसानं वाट मोकळी करून बाजूला उभं राहायचं.

हे तुम्ही परीक्षेत लिहिलं असेल. स्वावलंबन, स्वयंशिक्षण, दहा गुण. पण आपण ते नेहमी मुलाच्या भल्याचं म्हणून वाचतो. ती श्रमाची वाटणीही आहे, हे कुणी सांगत नाही. मूल दमत नाही, कारण ते स्वतः निवडलेलं काम आपल्या गतीनं करतं आणि पुरे झालं की सोडतं. ताई दमते, कारण ती अठ्ठावीस जणांचं काम दुसऱ्यांच्या गतीनं करते.

तुमच्याकडची साडेदहाची वेळ डोळ्यांपुढे आणा. सतरंजी घातलीय, मुलं डबे घेऊन बसलीत. हल्लीच्या डब्यांना चारी बाजूंनी खटके असतात, ते तीन वर्षांच्या बोटांना निघत नाहीत. ‘ताई, उघडून दे.’ ताई वाकते, उघडते. पुढचा. बाटलीचं बूच. पुढची. एकाची भाजी सांडते, ताई फडकं आणते. मग डबे बंद करायचे. नंतर चपला : डावा उजव्यात. डबा, बाटली, चपला. अठ्ठावीस मुलांची मिळून चौऱ्याऐंशी वाकणी झाली, आणि ही फक्त एका खाऊच्या सुट्टीची. शिकवणं अजून सुरूही झालेलं नाही. संध्याकाळी तुम्ही म्हणणार, आज नुसती कंबर मोडली आणि काही झालं नाही.

जूनमध्येच पालकांना सांगा : डबा साध्या झाकणाचा, मूल घरी स्वतः उघडू शकतं तोच. चपला पट्टीच्या, नाडीच्या नकोत. फडकं मुलांच्या हाताला येईल अशा खुंटीवर, कोपऱ्यात लहान केरसुणी आणि सुपली. पहिले दोन आठवडे फक्त हेच शिकवा : झाकण कसं काढायचं, सांडलेलं कसं पुसायचं, चटई कशी गुंडाळायची. गाणी-बडबडगीतं चालू राहतील, पण ‘ए फॉर ॲपल’ थांबेल. पालक विचारतील, मुलं काय शिकली? सांगा, फडकं पिळायला शिकली. काहींचे चेहरे पडतील. पडू देत. चार वर्षांची मुलगी दोन्ही हातांनी फडकं पिळते तेव्हा जीभ दातांत धरून किती मन लावून पिळते, ते त्यांना एकदा सकाळी बोलावून दाखवा. पुढे पेन्सिल धरायची आहे ती त्याच बोटांनी.

मॉन्टेसरींची साधनंही याच हिशेबानं केलेली आहेत. लाकडी ठोकळ्याच्या खाचांत बसवायचे गोल दट्टे घ्या. एक चुकला की शेवटचा दट्टा कुठेच बसत नाही, मूल आपलं आपण परत काढून लावतं. ‘चुकलं रे’ म्हणायला ताईची गरज उरत नाही. दिवसभरात तुम्ही किती वेळा ‘असं नाही, असं’ म्हणता ते मावशींना मोजायला सांगा. प्रत्येक ‘असं नाही’मागे थोडा आवाज आणि थोडा जीव जातोच.

मॉन्टेसरींचंच एक निरीक्षण तुमच्या फार उपयोगी पडेल. सकाळी तासभर शांतपणे काम केल्यावर दहाच्या सुमारास मुलं चुळबुळ करू लागतात. आवाज वाढतो, हातातलं टाकून देतात, एकमेकांना ढकलतात. बघणाऱ्याला वाटतं, दमली. मॉन्टेसरी याला खोटा थकवा म्हणत. मोठ्यांनी मध्ये पडलं नाही तर थोड्या वेळानं मुलं आपणहून अधिक अवघड काम उचलतात आणि त्यात बुडून जातात. दिवसातलं सगळ्यात चांगलं काम ते. आपण नेमकं त्या क्षणी काय करतो? टाळ्या वाजवून सगळ्यांना उभं करतो आणि नाच लावतो. त्या नाचानं मुलांचं लक्ष मोडतं, आणि मोडलेलं लक्ष साडेबारापर्यंत तुम्हालाच एकटीनं सांभाळावं लागतं. पंधरा मिनिटं भिंतीला टेकून खाली बसा. हाताची घडी, तोंड बंद. पहिल्या दिवशी हे फार जड जाईल; मराठी बाईला काही न करता बसणं म्हणजे अपराध वाटतो.

कोसबादकडे वळते, कारण तिथली एक युक्ती पाळणाघराला लागू आहे. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नव्हती, कारण मोठ्या बहिणीला धाकट्याला सांभाळायचं असे. ताराबाई-अनुताईंनी आधी बालवाडी पाड्यावरच नेली, अंगणातच भरवली. अंगणवाडी हे नाव त्यातूनच आलं. पुढे ‘विकासवाडी’ या प्रयोगात त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच आवारात आणले. धाकटं जवळच असल्यानं बहीण शिकू लागली आणि लहान मुलं मोठ्यांकडे बघून निम्म्या गोष्टी उचलू लागली. साधनं काय? शिंपले, बिया, गोटे, पानं. दुपारी तुमच्याकडे दीड वर्षापासून पाच वर्षांपर्यंतची मुलं एकत्र असतात. त्यांना वयाप्रमाणे वेगळं बसवायचा आटापिटा करू नका. पाच वर्षांच्या मुलाला दोन वर्षांच्याला चटई घालून देण्याचं काम द्या, तो मोठ्या रुबाबात करतो. आणि रात्री बसून रंगीत कागदाची फुलं कापणं बंद करा. अप्पा बळवंत चौकातून घोटीव कागद आणून भिंत सजवलेली पालकांना आवडते हे खरं, पण मुलं ती भिंत दुसऱ्या दिवशी बघतही नाहीत. मंडईतून पावशेर चिंचोके आणि वाटाणे आणा. मोजायला, ओतायला, वर्ग करायला वर्षभर पुरतात. दीड-दोन वर्षांच्यांच्या हाताला मात्र ते लागू देऊ नका. त्या वयात सगळं तोंडात आणि नाकात जातं.

आता मालकिणीचा दमवणारा भाग. सकाळी तुम्ही एकाच वेळी तीन नोकऱ्या करता : ताई, मालकीण आणि कारकून. केंद्र सरकारच्या २०१३च्या बालसंगोपन धोरणाबरोबरचे निकष सांगतात, तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस, तीनच्या आतल्या दहांमागे एक. अठ्ठावीस मुलांना तुम्ही दोघी आणि मावशी, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण तुम्ही दारात उभ्या राहून प्रवेशाची चौकशी करणाऱ्या बाईंशी बोलत असाल, तर वर्गात अठ्ठावीसांमागे एकच शिक्षिका उरते, आणि तुमचं अर्धं लक्ष आत राहतं. हे अर्धं-अर्धं लक्ष माणसाला दोन पूर्ण कामांहून जास्त दमवतं.

यावर तोडगा तुमच्या पेठेनं केव्हाच शोधलेला आहे. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून पुण्याची सबंध महाराष्ट्र टिंगल करतो. मला त्यात व्यवसायाचं मोठं शहाणपण दिसतं. बंद म्हणजे बंद. गिऱ्हाईक चारला येतं, कुणाचं काही बिघडत नाही. तुम्हीही पाटी लावा, दारावर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर : ‘९ ते १२.३० ताई मुलांबरोबर असतात. प्रवेशाची चौकशी १ ते १.३०. तातडीचं असेल तर फोन करा, मावशी उचलतील.’ पुणेरी पाटी आहे, थोडी खवचट झाली तरी चालेल. पेठेत अपमान कुणाला वाटणार नाही. ग्रुपवर फक्त तुम्ही लिहू शकाल अशी सोय व्हॉट्सॲपमध्येच आहे, ती संध्याकाळी सातला चालू करा. आणि १.३० ते २.१५, पाळणाघरातली मुलं झोपलेली असताना, हिशेबाला बसू नका. सगळ्यांची घोडचूक तिथेच होते : शांतता मिळाली की कामाला जुंपून घ्यायचं. मुलांच्या शेजारी चटईवर आडव्या व्हा. शिक्षिका जागी राहील. उद्या तिची पाळी, तुम्ही जाग्या. हिशेब शुक्रवारी, एकाच बैठकीत. फीची तारीख ५, आणि ६ तारखेला ज्याची आली नाही त्याला मेसेज, न लाजता.

पत्रात लिहिलं नसलं तरी एक गोष्ट तुमच्याकडे घडत असणार. सात वाजले, सगळी मुलं गेली, एकाचे बाबा नाहीत. साडेसात. मूल दाराकडे बघतंय, तुम्ही घड्याळाकडे. मनात येतं, उशिराबद्दल दंड लावावा. लावण्याआधी इस्रायलमधल्या हैफा शहराचा किस्सा ऐका. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी तिथल्या दहा पाळणाघरांत पाहणी केली. ती २००० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या सहा ठिकाणी दहा मिनिटांहून जास्त उशीर करणाऱ्या पालकांना दहा शेकेल दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. आणि दंड काढून टाकल्यावरही तो खाली आला नाही. आधी पालकांना बाईंचा वेळ खातोय याची लाज वाटत होती. दंड आला आणि ती लाज पैसे देऊन फिटली. तिथे दंड फार लहान होता, हेही खरं. म्हणून मी म्हणते, दंड नको, उघड विक्री करा : ‘सात ते आठ हा जादा तास, महिन्याचे इतके पैसे, आधी सांगून.’ रक्कम अशी ठेवा की त्यातून त्या तासापुरतं दुसरं माणूस ठेवता येईल. बाकीच्यांना सात म्हणजे सात. पाळणाघर ही सोय आहे, तुमचा त्याग नव्हे.

अपवाद मात्र तुमच्या भागापुरते ठेवा. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बंद होतो, डेक्कनकडून येणारे पालक लकडी पुलाच्या गर्दीत अडकतात. त्या दिवशी घड्याळ काढू नका. गणपतीत तर विचारूच नका. केसरीवाड्याचा मानाचा पाचवा गणपती तुमच्याच पेठेत, लक्ष्मी रस्ता मिरवणुकीचा, आणि त्याआधी काही आठवडे नदीपात्रात संध्याकाळी ढोलांचा सराव. त्या आवाजात मुलं किरकिरतात आणि ताईचं डोकं उठतं. त्या दिवसांत पाळणाघर सहालाच संपवा, शेवटचे दोन दिवस ठेवूच नका, आणि हे जुलैमध्येच लिहून द्या.

शरीराबद्दल थोडंसं, कारण योगासनांचा सल्ला तुम्हाला पुरेसा मिळालेला आहे. बालवाडीवालीचा आधी जातो तो गळा. खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला हाक मारायची नाही. उठून मुलाजवळ जायचं, खाली बसायचं, हळू बोलायचं. सगळ्यांना थांबवायचं असेल तर लहान घंटी. घसा बसला की कुजबुजू नका, त्यानं गळ्यावर आणखी ताण येतो. गप्प राहा आणि पाणी प्या. दुसरं म्हणजे सर्दी. या वयाच्या मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं अगदी साधारण आहे. अठ्ठावीस मुलं म्हटली की तुमच्या खोलीत ती बारमाही असणार. आल्या-आल्या प्रत्येकाचे हात साबणानं, वीस सेकंद, गाणं म्हणत, त्यात तुमचेही. आणि ताप उतरून पूर्ण दिवस गेल्याशिवाय मूल परत घ्यायचं नाही. पालक सकाळी तापाचं औषध पाजून सोडून जातात, अकराला ते उतरतं आणि मूल कढत होतं, हा खेळ तुम्ही शंभरदा पाहिला असेल.

शेवटी पुन्हा कोसबाद. तुम्ही विचारलंत, दोघींना दम कुठून येत होता. तुमच्या प्रश्नातच ‘दोघी’ आहेत. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या तेव्हा अनुताईंची साठी उलटून गेलेली होती, काम थांबलं नाही. एक नसताना दुसरी चालवेल इतपत सगळं दोघींच्या हातात होतं. तुमच्याकडे बँक, वाड्याच्या मालकाचा करार, पालकांचे नंबर, साबण कुठे ठेवलाय हे सगळं तुमच्या एकटीच्या डोक्यात आहे. तुम्हाला ताप आला तर बालवाडी बंद. शिक्षिकेला पगाराबरोबर थोडा हिस्सा द्या, मावशींना मुलांबरोबर बसायचं शिकवा, आणि आठवड्यातून एक सकाळ, समजा बुधवार, बालवाडी त्या दोघींवर सोपवून बाहेर पडा. पहिल्या बुधवारी त्या चार वेळा फोन करतील. उचला. दुसऱ्या बुधवारी एकदा.

राहिली सुट्टी. मेमध्ये पाळणाघर चालू ठेवलं तर भाडं निघतं, म्हणून तुम्ही वर्षभर थांबतच नसाल. पंधरा दिवस तरी बंद ठेवा, आणि त्या पंधरा दिवसांचं भाडं बारा महिन्यांच्या फीत वाटून टाका. एका मुलामागे रक्कम किरकोळ येते. तारखा मात्र पालकांना फेब्रुवारीतच कळवा. आजोळ, रजा, सासूबाई हे सगळं त्यांनाही जुळवावं लागतं, आणि एप्रिलमध्ये कळवलंत तर तो पंधरवडा तुमचा फोनवर समजुती काढण्यातच जाईल.